संशयाचे माप

भोपाळच्या राणी कमलापती स्थानकावरून इटारसीच्या दिशेने निघालेली गाडी थोड्याच वेळात मंडीदीपला येते. सडकेने गेले तर हे अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांचे. जिल्हा रायसेन, पण गावाचा सारा ओढा भोपाळकडे. जवळच भोजपूरचे अर्धवट राहिलेले शिवमंदिर, थोडे पुढे भीमबेटकाच्या चित्रगुहा. राजा भोजाने येथे अफाट तलाव बांधला होता, मंडीदीप हे त्या तलावातले बेट होते, आणि पुढे माळव्याच्या होशंगशाहाने बांध फोडल्यावर पाणी ओसरून जमीन उघडी पडली, अशी आख्यायिका या भागात सांगतात. आज त्या बेटाभोवती पाण्याऐवजी कारखान्यांचा वेढा आहे. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि ग्राफाइटपासून औषधांपर्यंत नाना वस्तू येथे बनू लागल्या. ग्वाल्हेर, उज्जैन, इंदूरची जुनी मराठी घरे आणि विदर्भातून भोपाळच्या ‘भेल’मध्ये आलेल्या कुटुंबांची पुढची पिढी यांतील कित्येक जण पोटापाण्यासाठी येथे स्थिरावले आहेत.

अशाच एका परिचित घरी आमचे गेल्या वर्षी जाणे झाले. यजमान तीन पाळ्यांच्या कारखान्यात नोकरीस. घरात त्यांच्या वृद्ध मातोश्री, पत्नी आणि दहावीतला मुलगा. हा मुलगा पूर्वी आम्ही आलो की अंगणातच भेटायचा आणि क्रिकेटच्या गप्पा सुरू करायचा. या खेपेस तो आपल्या खोलीतून बाहेरच आला नाही. खोलीची खिडकी भर दुपारी बंद होती.

चहा ठेवता ठेवता वहिनींनी हलक्या आवाजात सांगितले, “काय करावं सुचत नाही हो. तो म्हणतो, वर्गातली सगळी मुलं माझ्याविषयी बोलतात. शिकवणीहून येताना कुणीतरी मागे येतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर कागद चिकटवून ठेवलाय. डबा एकटाच खातो. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली. हे म्हणतात, अभ्यास टाळायची नाटकं. मला मात्र रात्री झोप येत नाही.”

वहिनींच्या शेवटच्या वाक्यात जी भीती दडली होती, ती त्यांनी उच्चारली नाही. आम्हीही उच्चारली नाही. मुलगा वयात येतो आहे म्हणून असा वागतो, की हे एखाद्या आजाराचे पहिले पाऊल आहे? ताप आला तर थर्मामीटर लावता येतो. संशयाला लावायचे असे काही साधन आहे काय? त्या प्रश्नाने आम्हांला बरेच वाचावयास आणि जाणकारांना विचारावयास लावले. त्यातून जे हाती आले ते आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण हा प्रश्न त्या एका घराचा नव्हे.

प्रथम संशय म्हणजे काय, हे पाहू. ‘पॅरानॉइया’ हा मूळ ग्रीक शब्द. ‘मन स्थानावर नसणे’ असा काहीसा त्याचा अर्थ. आपल्याकडे ‘संशयाचे भूत मानगुटीवर बसणे’ ही त्याला जवळची बोली. परंतु मानसशास्त्रज्ञांना काव्यमय वर्णन पुरत नाही, त्यांना व्याख्या लागते. डॅनियल फ्रीमन आणि फिलिपा गॅरेटी या ब्रिटिश संशोधकांनी २००० साली तिचे दोन घटक सांगितले. आपणांस अपाय होत आहे किंवा होणार आहे असे वाटणे हा पहिला. आणि तो अपाय कोणीतरी हेतुपुरस्सर करीत आहे असे वाटणे हा दुसरा. परीक्षेत नापास होण्याची धास्ती म्हणजे चिंता; शिक्षक मुद्दाम नापास करणार आहेत ही धारणा म्हणजे संशय. दोहोंचे घर एकच असले तरी खोल्या वेगळ्या आहेत.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, संशय ही काही मोजक्या आजारी माणसांचीच मिरास नाही. फ्रीमन यांनी २००८ साली एक नमुनेदार प्रयोग प्रसिद्ध केला. सामान्य समाजातील २०० स्त्री-पुरुषांना आभासी दृश्ये दाखविणारे उपकरण डोळ्यांवर चढवून लंडनच्या भुयारी रेल्वेचा काही मिनिटांचा काल्पनिक प्रवास घडविला. डब्यातील उतारू संगणकाने रचलेले आणि मुद्दाम निर्विकार ठेवलेले होते. तरीही कित्येक सहभागींना त्यांतील कोणीतरी आपणांकडे रोखून पाहत होते, वाईट हेतू बाळगून होते, असे वाटले. उतारू तेच, डबा तोच. फरक होता तो पाहणाऱ्याच्या मनात. म्हणजे संशय हा दिव्याच्या बटणासारखा लागलेला किंवा विझलेला नसतो. कंदिलाच्या वातीप्रमाणे तो प्रत्येकात कमीजास्त असतो. कमीजास्त असलेली गोष्ट मोजता येते, आणि येथूनच मापनाचा विचार सुरू होतो.

त्यात पौगंडावस्थेची गोष्ट निराळी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली ‘काल्पनिक प्रेक्षकवर्ग’ ही कल्पना मांडली. या वयात मुलाला वाटते की जणू आपण सतत रंगमंचावर उभे आहोत आणि सारे जग आपल्या मुरुमांकडे, आवाजाकडे, चालण्याकडे पाहत आहे. आपणही त्या वयात आरशासमोर किती वेळ घालविला, ते आठवून पाहावे. मित्रांचे मत आईबापांच्या मतापेक्षा वजनदार होते ते याच काळात. आणि कोणावर विश्वास ठेवावा, कोणावर ठेवू नये, हे मूल शिकते तेही याच काळात. थोडा संशय हा त्या शिक्षणाचाच भाग होय. तो कोठे थांबावयास हवा होता आणि थांबला नाही, एवढेच ओळखावयाचे असते.

त्यासाठी प्रश्नावल्या तयार झाल्या. फेनिगस्टाइन आणि व्हॅनेबल यांनी १९९२ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर आधारलेली २० विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. २००८ साली ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ विधानांची दुसरी रचली. तिचे दोन भाग, एक ‘लोक माझ्याविषयी बोलतात, मला उद्देशून खुणा करतात’ या जातीच्या विचारांचा आणि दुसरा ‘लोक मला छळू पाहतात’ या जातीचा. पुढे तिची छाटणी होऊन १८ विधानांची सुधारित आवृत्ती निघाली: पहिल्या भागात ८, दुसऱ्यात १०. प्रत्येक विधानाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ० ते ७२. उत्तर देणाऱ्याने जन्मभराचे नव्हे, तर नजीकच्या काळातले सांगावयाचे असते. कारण संशय चढतो तसा उतरतोही.

पण या पट्ट्या प्रौढांच्या मापाने शिवलेल्या होत्या. बापाचा सदरा मुलाला घातला तर खांदे लोंबतात. प्रौढ माणूस शेजाऱ्याला, कचेरीतल्या सहकाऱ्याला भितो. मुलाचे जग शाळेचे, मैदानाचे, मोबाइलच्या पडद्याचे. म्हणून ऑक्सफर्ड येथील जेसिका बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास किशोरवयीन मुलांसाठी वेगळी यादी बनविली. मुलांच्या संशयाचे तीन प्रवाह तिच्यात वेगळे ओळखले आहेत. पहिला सामाजिक हानीचा: मला वाळीत टाकतील, माझी टवाळी करतील. दुसरा शारीरिक हानीचा: मला मारतील, माझ्या पाठीवर आहेत. तिसरा कटाचा: अनेक जण मिळून माझ्याविरुद्ध काही शिजवीत आहेत. मुलाचे एकंदर गुण किती यापेक्षा त्याची भीती कोणत्या प्रवाहातली आहे, हे कळणे पालकांना अधिक उपयोगाचे ठरते.

अशी पट्टी चांगली की वाईट, हे ठरविण्याच्या कसोट्याही आहेत. तोच मुलगा थोड्या दिवसांनी पुन्हा उत्तरे देईल तर ती फारशी पालटू नयेत. उपचार घेणाऱ्या संशयग्रस्त मुलांचे गुण इतर मुलांहून स्पष्टपणे अधिक यावेत. आणि विधाने चिंता किंवा लाजाळूपणा न मोजता संशयच मोजणारी असावीत. हे सारे एका देशात सिद्ध झाले म्हणून दुसऱ्या देशात आपोआप सिद्ध होत नाही. तेथे ते पुन्हा तपासावे लागते.

याचे कारण भाषा. मराठी माणसाला हे नवीन वाटू नये. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन कसोटी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसविली आणि त्या कामावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. फ्रेंच मुलाला विचारलेला प्रश्न धारवाडच्या मुलाला जसाच्या तसा विचारून चालत नाही, हा त्यांच्या खटाटोपाचा गाभा होता. बुद्धीच्या बाबतीत जे खरे, ते संशयाच्या बाबतीत अधिकच खरे. ‘भिंतीलाही कान असतात’ असे आपली आजी सहज म्हणते; तिला कोणी रोगी ठरवीत नाही. ‘दृष्ट लागली’ म्हणणाऱ्या घरात ‘दुसऱ्याच्या नजरेने मला अपाय होतो’ या विधानाला होकार मिळाला, तर तो संशय मानावा की रूढी?

आमच्या मंडीदीपच्या मुलानेच याचे उत्तम उदाहरण पुरविले. भोपाळच्या एका रुग्णालयात त्याला हिंदीतून काही विधाने वाचावयास दिली होती. त्यांत लोक पाठीमागे लागले असल्याविषयी एक विधान होते. मुलाने त्यावर सर्वांत वरची खूण केली. मागाहून समजुतीने विचारता तो म्हणाला, “आई आणि बाबा दिवसभर अभ्यासाकरता पीछे पडतात ना!” हिंदीत ‘पीछे पडना’ आणि मराठीत ‘मागे लागणे’, दोहोंचे दोन-दोन अर्थ. घरी मराठी, शाळेत हिंदी, पुस्तके इंग्रजी, अशा तीन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतीत कागदावरची खूण पाहून थांबणे धोक्याचे आहे. खूण कशासाठी केली, हे विचारावेच लागते.

प्रश्नावली आणि भेट या दोन पायऱ्यांचे महत्त्व भोपाळने फार मोठी किंमत देऊन शिकविले आहे. १९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला, ती कथा आमच्या वाचकांना सांगावयास नको. पुष्कळांनी ती रात्र भोगली आहे. त्या वेळी मध्य प्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या अध्यापकवर्गात मानसोपचारतज्ज्ञच नव्हते. १९८५ च्या आरंभी बंगळूरच्या निम्हान्सचे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि लखनौचे डॉ. बी. बी. सेठी यांसारखी मंडळी येथे आली. वायुग्रस्त भागातील दवाखान्यांत आलेल्या ८५५ रुग्णांना आधी एक छोटी प्रश्नावली देण्यात आली. तीत २५९ जणांना मानसिक त्रास असावा असे दिसले. मग त्यांच्या सविस्तर मुलाखती ठरल्या. ४४ जणांची मुलाखत होऊ शकली नाही. २२ जणांना प्रत्यक्षात कोणताही मानसिक विकार नसल्याचे आढळले. उरलेल्या १९३ जणांचे निदान पक्के झाले. ८५५ पैकी १९३, म्हणजे सुमारे २२.६ टक्के. बहुतेकांना होते ते नैराश्य आणि चिंता.

या आकड्यांत दोन धडे आहेत. प्रश्नावली नसती तर छातीच्या आणि डोळ्यांच्या तक्रारी घेऊन आलेल्या त्या रांगेतील मनाचे दुखणे कोणी पाहिलेच नसते, हा एक. आणि केवळ प्रश्नावलीवर विसंबले असते, तर त्या २२ जणांच्या कपाळी नसलेला आजार लिहिला गेला असता, हा दुसरा. प्रश्नावली म्हणजे चाळणी. निदान म्हणजे निवडणे. चाळल्यावर आपण धान्य निवडतोच की.

आता मुलाकडे वळू. त्या दिवशी संध्याकाळी तो आमच्याजवळ येऊन बसला. बराच वेळ गप्प होता. मग एकदम म्हणाला, “काका, तुम्हीपण हेच म्हणणार ना, की हा सगळा वहम आहे? आणि ते खरं असेल तर?”

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या वेळी देता आले नाही. भोपाळात राहून ते ‘उगीच भितोस’ असे देताही येत नाही. १९८१ च्या डिसेंबरात कार्बाइडच्या कारखान्यात विषारी वायूने अश्रफ नावाच्या कामगाराचा बळी घेतला. त्यानंतर राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने खोलात जाऊन चौकशी केली आणि १९८२ मध्ये आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून शहरावरील संकटाचा इशारा दिला. १९८४ च्या जूनमध्ये ‘जनसत्ते’तून पुन्हा दिला. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. एखादी मोजपट्टी त्या काळी त्यांच्या हाती दिली असती, तर ‘मोठे संकट ओढवणार असे वाटते’ या विधानावर त्यांनी सर्वांत वरची खूण केली असती, आणि ती खूण बरोबर ठरली असती. भीती किती आहे हे पट्टी सांगते. भीती खरी की खोटी, हे ती सांगत नाही. ते शोधण्यासाठी घराबाहेर पडावे लागते.

त्या मुलाच्या वडिलांनी तेच केले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. भोपाळच्या मानसतज्ज्ञ बाईंनी त्यांना सांगितले होते, “आधी मुलाचं म्हणणं तपासा, मग आपण त्याचं मन तपासू.” शाळेत चौकशी केली तेव्हा कळले की, वर्गातील काही मुलांनी मोबाइलवर खरोखरच एक गट काढला होता आणि त्यात या मुलाचे चोरून काढलेले छायाचित्र टाकून दिवसचे दिवस त्याची टर उडविली जात होती. त्याला न कळविता त्याचे छायाचित्र घेतले गेले होते. मग त्याने कॅमेऱ्यावर कागद चिकटविला यात वेडेपणा कोणता? शिकवणीच्या वाटेवर मात्र कोणीच मागे येत नव्हते. वडिलांनी आठ-दहा दिवस दुरून पाहून खात्री केली. एका खऱ्या जखमेतून मुलाच्या मनात संशय शिरला होता आणि नंतर जखम नसलेल्या जागीही तो पसरला होता.

पसरण्यास झोपेचीही साथ होती. वडिलांची रात्रपाळी संपून घर पहाटे जागे होई, रात्री मुलगा मोबाइलच्या गटात आपल्याविषयी काय चालले असेल या विचारात दोन-दोन वाजेपर्यंत तळमळे. अनिद्रा आणि संशय यांचे नाते संशोधनाने दाखविले आहे. २०१७ साली ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतील ३,७५५ अनिद्राग्रस्त विद्यार्थ्यांवरील एक चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना झोप सुधारण्याचे पद्धतशीर शिक्षण देण्यात आले, त्यांची झोप तर सुधारलीच, पण त्यांचे संशयी विचारही कमी झाले. पाळ्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या गावातील घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

मग शाळेने त्या मुलांना समज दिली, गट बंद झाला. रात्री दहानंतर घरातील सर्वांचे मोबाइल, वडिलांचादेखील, स्वयंपाकघरातील फडताळावर जाऊ लागले. मानसतज्ज्ञ बाई दर पंधरवड्याला त्याच्याशी बोलत राहिल्या. तीन महिन्यांनी तीच विधाने पुन्हा वाचावयास दिली तेव्हा गुण बरेच उतरले होते. शून्यावर आले नव्हते. डबा आता तो एका मित्राबरोबर खातो. शिकवणीहून येताना मात्र अद्याप एकदा तरी मागे वळून पाहतो. “मला कळतं काका, कुणी नाहीये. पण मान आपोआप वळते,” असे तो आम्हांला हसून म्हणाला. मनातले हे अंतर तो स्वतः ओळखू लागला, हे आम्हांला त्या उतरलेल्या गुणांहून मोलाचे वाटते.

साऱ्याच घरांत गोष्ट इतकी सावरत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी २०१५-१६ मध्ये झाली. तिच्यात १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. मुलगा अनेक आठवडे कोणातच मिसळत नसेल, आवाज ऐकू येतात म्हणत असेल, खाणे-झोपणे सुटले असेल, पुरावा दाखवूनही धारणा तसूभर हलत नसेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करीत असेल, तर घरगुती विचारविनिमयात दिवस घालवू नयेत. भोपाळात आता एम्स आहे, जुने हमीदिया रुग्णालय आहे. २०२२ च्या १० ऑक्टोबरपासून ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी छिन्नमनस्कतेने पीडित कुटुंबांसाठी ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था उभी केली. स्वतःच्या घरात हे दुखणे पाहिलेल्या, दूर कॅनडात राहणाऱ्या एका मराठी प्राध्यापकाने ते केले, हे आपण महाराष्ट्राबाहेरच्यांनी आवर्जून आठवावे. लाजेपायी गप्प बसण्याची आपल्या घरांना जडलेली खोड मोडल्याखेरीज यातले काही साधत नाही.

आणखी एक विनंती. या प्रश्नावल्या कोठे हाती लागल्या, तर आपल्याच मुलाला समोर बसवून गुण मोजीत बसू नये. ज्याला आधीच वाटते की सारे आपल्यावर पाळत ठेवून आहेत, त्याच्यासमोर आईबाप कागद-पेन्सिल घेऊन बसले तर त्याने काय समजावे? ते काम जाणकारांचे. आईबापांचे काम त्याच्या आधीचे आणि नंतरचे: मूल बोलेल तेव्हा हसू नये, रागावू नये, लगेच ‘तसे काही नाही’ म्हणू नये; आणि त्याचे म्हणणे खरे आहे का, हे पाहण्यासाठी एकदा उंबरठ्याबाहेर जाऊन यावे.

परवा पुन्हा मंडीदीपला गेलो होतो. वहिनींनी चहा ठेवला. खोलीची खिडकी अर्धी उघडी होती.